खाणीचा हक्क आणि त्याची मुदत



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात शहाबादी फरशी असेल. ओट्यावर नसली तर न्हाणीत, आणि न्हाणीत नसली तर अंगणातील धुण्याच्या जागी तरी असेलच. निळसर करड्या रंगाचा हा चुनखडीचा दगड मंठाळकडून निघून कलबुर्गी ओलांडली, की शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या पट्ट्यात जमिनीखाली थरावर थर रचून ठेवावा तसा पसरलेला आहे. या दगडाची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. फरशीसाठी तो कापून काढला, तर कायदा त्याला गौण खनिज म्हणतो आणि त्याचा परवाना राज्य सरकारच्या नियमांनी मिळतो. तोच दगड दळून सिमेंटच्या भट्टीत घातला, तर तो प्रमुख खनिज ठरतो आणि त्याला केंद्राचा कायदा लागू होतो. दगड एकच, जागा एकच. बदलतो तो केवळ त्यावरचा हक्क.

तेव्हा भूमीखाली जे आहे ते कोणाचे, किती काळासाठी आणि कोणत्या मोलाने, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा नव्हे, कायद्याचा आहे. आणि या कायद्याचा इतिहास आपण ज्या मुलखात राहतो त्या मुलखाशी, म्हणजे जुन्या निजामी मुलखाशी, फार जवळून जोडलेला आहे. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रश्न जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात खाणींवर एक स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे, आणि एक व्यवहारी नियम घालून दिला आहे: जी खाण चालविण्यास खर्च व कष्ट फार, ती भागाने किंवा ठरीव रकमेने दुसऱ्यास द्यावी, जी हलकी, ती राजाने स्वतः चालवावी. मनुस्मृतीने जमिनीतील धातूंचा अर्धा भाग राजाला दिला, कारण तो भूमीचा रक्षणकर्ता. आणि मंठाळ ज्या बसवकल्याण तालुक्यात मोडते, त्या कल्याणातच सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. पुरलेले धन कोणाला सापडले तर त्याचे काय करावे, याचा खल तीत आहे. सामान्य माणसाला ते सापडले, तर त्याला सहावा हिस्सा देऊन बाकीचे राजाने घ्यावे, असा अर्थ विज्ञानेश्वराने लावला. पुरलेला हंडा आणि खनिज ह्या वस्तू वेगळ्या खऱ्या. परंतु शोधणाऱ्याला काय आणि राज्याला काय, हा वाद आमच्याच गढीच्या सावलीत नऊशे वर्षांपूर्वी झडून गेला, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या विजापूर आणि गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणी पाहून गेला. विजापूरच्या मुलखातील एका खाणीची पद्धत त्याने लिहून ठेवली आहे. व्यापारी जमिनीचा एक तुकडा निवडी आणि पन्नास मजुरांमागे रोजी दोन होन असा कर भरी. शिवाय खरेदीवर शेकडा दोन राजाचे. या रीतीत एक शहाणपण होते. कर दर दिवसाचा आणि मजुरांच्या डोक्यांवर, त्यामुळे जागा नुसती अडवून ठेवण्यात कोणाचाही लाभ नव्हता, आणि काम थांबले की देणे-घेणेही थांबे. तेथे मजुरांचे हाल काय होते ते सोडा. ते वाईटच होते. परंतु पुढे लंडनमध्ये जो प्रकार झाला, तो या रीतीत शक्य नव्हता.

त्या प्रकाराकडे वळण्यापूर्वी समुद्रापलीकडची एक गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि हजारो माणसे तिकडे धावली. तेथे कायदा नव्हता, सरकार दूर होते. तेव्हा खाणवाल्यांनी आपापसात ठरविले, की ज्याने जागा शोधली, खुंट ठोकले आणि काम चालू ठेवले, त्याची ती जागा. अमेरिकन काँग्रेसने १८७२ साली याच रिवाजाला कायद्याचे रूप दिले. सार्वजनिक जमिनीवर खनिज शोधावे, खुंट ठोकावे, एकराला अडीच किंवा पाच डॉलर भरून जमीनही आपली करून घ्यावी. आणि काढलेल्या सोन्याचांदीवर सरकारला रॉयल्टी काही नाही! जमीन नावावर करून देणे १९९४ पासून थांबविण्यात आले आहे; पण तो १८७२ चा कायदा तेथे आजही चालू आहे आणि त्याच्या सुधारणेचा वाद दर काही वर्षांनी उठतो. त्या कायद्याचे दोष पुष्कळ. पण त्याचा पाया असा, की हक्क शोधणाऱ्याचा आणि तो उघड्यावर ठोकलेल्या खुंटाने सिद्ध होतो. आपल्याकडे हक्क मिळत गेला तो सनदेने, म्हणजे कचेरीत बसून केलेल्या कागदाने. खुंट सर्वांना दिसतो. कागद ज्याच्या पेटीत असतो त्यालाच दिसतो.

आता हैदराबादकडे येऊ. १८७१ साली भूगर्भसर्वेक्षण खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांना निजामी राज्याच्या पूर्व भागात येल्लंदूजवळ कोळसा आढळला. जवळच्या सिंगरेणी गावाचे नाव पुढे त्या खाणींना मिळाले. कोळसा सापडला, पण आगगाडीवाचून तो तेथेच पडून राहणार होता. १८७४ पासून वाडीहून सिकंदराबादपर्यंत गाडी धावत होती. ती पुढे नेण्याचा आणि चांद्याकडे फाटा काढण्याचा बेत दिवाण सर सालारजंग यांच्या दरबारात चालू असतानाच, १८८३ च्या फेब्रुवारीत, सालारजंग एकाएकी वारले. निजाम महबूब अलीखान अद्याप अज्ञान होते. त्यांच्या हाती राज्यसूत्रे आली ती पुढल्या वर्षी.

या मधल्या काळात रेल्वेचा करार लंडनच्या भांडवलदारांशी करण्याचे घाटत होते. हैदराबाद शहरातील काही सुशिक्षितांनी तेव्हा सभा घेतल्या आणि विचारले, की राज्यावर एवढे मोठे ओझे ठेवणार, तर त्याच्या अटी लोकांना कळू द्या. त्या मंडळींत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. सरोजिनी नायडूंचे ते वडील, कॉलेजचे प्रमुख आणि रसायनशास्त्राचे पंडित. कराराच्या अटी विचारल्याबद्दल त्यांना १८८३ च्या मे महिन्यात राज्याबाहेर घालविण्यात आले. मला वाटते, खाणीच्या सनदेची खरी कथा येथूनच सुरू होते. आगगाडीच्या वेळी ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना हद्दपार केले, म्हणून तीन वर्षांनी खाणींच्या वेळी प्रश्न विचारण्यास कोणी पुढे आले नाही.

या साऱ्या व्यवहारात दरबारच्या वतीने वावरत होते अब्दुल हक. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातून ते हैदराबादेत आले, सालारजंगांच्या विश्वासास पात्र झाले, सरदार दिलेरजंग, दिलेरुल्मुल्क अशा पदव्यांपर्यंत चढले. १८८६ च्या प्रारंभी त्यांच्याच मध्यस्थीने वॉटसन आणि स्टुअर्ट या दोघां इंग्रज गृहस्थांना निजाम सरकारने खनिजांचा मक्ता दिला. मुलूख सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा. तेलंगण, मराठवाडा आणि आपला कर्नाटकाचा भाग, सारा त्यात आला. मुदत ९९ वर्षांची. त्या काळी माणसाचे आयुष्य किती असे, हे ध्यानात घेतले तर सही करणाऱ्याचा पणतूसुद्धा ती मुदत संपलेली पाहील की नाही, अशी शंका वाटावी. १८८६ मध्ये ९९ मिळवा: १९८५. निजामी राहिली नाही, ब्रिटिश साम्राज्य राहिले नाही, हैदराबाद राज्यसुद्धा राहिले नाही. कागदावरची मुदत मात्र त्या सर्वांच्या पुढे जाणारी होती.

मक्ता मिळताच त्याच वर्षी लंडनमध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली. नाममात्र भांडवल दहा लाख पौंड. आता पुढचा भाग नीट ध्यानात घ्यावा, कारण घोटाळ्याचे मर्म त्यात आहे. या दहा लाखांपैकी साडेआठ लाख पौंडांचे भाग मक्तेदारांना, जणू त्यांनी पूर्ण रक्कम भरली आहे असे मानून, देण्यात आले. रोकड त्यांनी त्यासाठी दिली नव्हती. त्यांनी कंपनीला दिला तो निजामाच्या सहीचा कागद. म्हणजे कुदळ जमिनीला लागण्यापूर्वीच त्या कागदाची किंमत साडेआठ लाख पौंड ठरली; आणि ज्याची ती भूमी, त्या राज्याला त्यातले काही मिळाले नाही. उरलेला अल्पसा भाग बाजारात विकला गेला आणि खऱ्या पैशाने खाणी चालविण्याचा भार त्या अल्प भागावर पडला.

यावरही कडी झाली. लंडनच्या बाजारात या भागांचा भाव चढविण्यात आला, आणि त्या चढ्या भावाने खुद्द निजाम सरकारच्या तिजोरीतून काही हजार भाग खरेदी करण्यात आले. खरेदी केली ती अब्दुल हक यांनी, सरकारचे मुखत्यार म्हणून. पुढे उघडकीस आले, की विकलेले भाग त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे होते. धन्याचा कागद धन्यालाच, आणि तोही अधिक दामाने! गावच्या बाजारात कोणी दुसऱ्याचा बैल त्यालाच विकला तर लोक हसतील. लंडनच्या बाजारात असे काही झाले तर त्याला व्यवहार म्हणतात.

१८८८ साली हे प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटात गेले. हाउस ऑफ कॉमन्सने चौकशीसाठी एक निवड समिती नेमली, तिच्यापुढे साक्षी झाल्या, आणि त्या छापल्या गेल्या. आज आपण हा इतिहास एवढ्या बारकाईने सांगू शकतो तो त्या छापील साक्षींमुळे. हैदराबादच्या दफ्तरावर विसंबून राहिलो असतो तर काय हाती लागले असते, कोण जाणे. अब्दुल हक यांना अधिकारावरून दूर करण्यात आले. परंतु ध्यानात घ्या, मक्ता रद्द झाला नाही. कंपनी राहिली, मुदत राहिली. याचे कारण मला असे दिसते, की तोवर ते भाग कित्येक त्रयस्थांनी बाजारातून घेतले होते. मूळ देणे अयोग्य होते म्हणावे, तर ज्याने दाम मोजून घेतले त्याचा काय अपराध? गुपचूप दिलेला हक्क बाजारात हातोहात गेला, की तो परत घेणे दुरापास्त होते. ही अडचण पुढे प्रत्येक वेळी आडवी आली, ती आपण पाहूच.

न्यायाने सांगावयाचे तर कंपनीने कामही केले. सिंगरेणीचा कोळसा १८८९ च्या सुमारास निघू लागला आणि दक्षिणेतील आगगाड्या त्यावर चालल्या. रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे शेकडो फूट खोल गेलेल्या प्राचीन खाणी होत्या. तेथे कंपनीने सोन्याचा शोध घेतला. याच भागात, मस्की येथे, १९१५ साली बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीवरील इंजिनियराला एक शिलालेख दिसला. तो निघाला सम्राट अशोकाचा, आणि ज्यात ‘अशोक’ हे नाव प्रथमच स्पष्ट वाचावयास मिळाले असा. सोने शोधणाऱ्याच्या हाती इतिहास लागला! १९२० साली कोळशाच्या खाणींसाठी सिंगरेणी कोलिअरीज ही स्वतंत्र कंपनी हैदराबादेत नोंदली गेली, आणि १९४५ साली निजाम सरकारने तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले. म्हणजे जे १८८६ साली कागदाने दिले होते, ते एकोणसाठ वर्षांनी पैसे मोजून परत आले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि एका सनदेची ही भूमी तीन राज्यांत वाटली गेली: सिंगरेणी आंध्रात, हट्टी म्हैसुरात, मराठवाडा मुंबई राज्यात. बिदर जिल्ह्याचेच तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि मंठाळ म्हैसूरच्या बाजूस राहिले.

स्वतंत्र भारतापुढे खाणींचा प्रश्न आला तेव्हा देशभर असल्या सनदांची रास पडली होती. झरियाच्या कोळशाच्या पट्ट्यात जमीनदारांनी ९९९ वर्षांचे पट्टे लिहून दिलेले होते. १९४८ साली खाणी व खनिजे यांचा पहिला मध्यवर्ती कायदा झाला, १९४९ च्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला; १९५६ मध्ये जुन्या पट्ट्यांच्या अटी बदलण्याचे नियम निघाले, आणि १९५७ साली आज चालू असलेला कायदा आला. या कायद्यांतील सर्वांत मोठी सुधारणा एका शब्दात सांगता येते: मुदत. पट्टा वीस किंवा तीस वर्षांचाच होईल, नूतनीकरण होईल तेही मोजून. आणि जुने लांबलचक पट्टे या मापात बसविले जातील. ही सुधारणा आज साधी वाटते. ज्यांनी ९९ आणि ९९९ असे आकडे पाहिले होते त्यांना ती साधी वाटली नसेल.

परंतु हक्क कोणाला द्यावा, याबाबत मात्र हा कायदा ढिला राहिला. ज्याचा अर्ज आधी, त्याचा अग्रहक्क, हे तत्त्व त्यात होते. वरकरणी ते न्याय्य दिसते. कॅलिफोर्नियाच्या खुंटाची आठवण व्हावी असे. फरक एवढाच, की तेथे आधी पोचावयाचे ते डोंगरावर, येथे कचेरीच्या आवक-बारनिशीत. डोंगर कोणाला आगाऊ वर्दी देत नाही; बारनिशी कधी उघडणार हे मात्र काहींना आधी कळते. सरकारी कचेरीत ज्याने कधी एक दाखला मागितला असेल, त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

मुदत आणि निवड, या दोन्ही बाबतींत कायद्याची खरी कसोटी लागली ती आपल्या भाषेच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यात. पोर्तुगीज सरकारने १९०६ साली आपल्या वसाहतींसाठी खाणींचा हुकूमनामा काढला. त्यान्वये मिळालेल्या खाणसनदांना मुदतच नव्हती. वर्षाचा ठरीव आकार भरीत राहावे. सनद पिढ्यान्पिढ्या चालावी. हैदराबादच्या ९९ वर्षांवर आपण हसलो, पण त्यांना निदान शेवट होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंडाचे खनिज हवे झाले आणि डिचोली, सांगे, केपे या भागांतील तांबडे डोंगर एकाएकी मोलाचे ठरले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ पासून भारताचा खाणकायदा तेथे लागू झाला. तरी शेकडो सनदा तशाच राहिल्या. त्या अखेर मोडीत काढल्या संसदेने, १९८७ साली, आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्या साध्या खाणपट्ट्याच होत्या असे मानण्याचे ठरविले. सनदधारक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली कायदा उचलून धरला. अपिले सर्वोच्च न्यायालयात पडून राहिली, आणि दरम्यान खनिज बोटींवर चढत राहिले.

२०१२ साली न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नुसते कॅलेंडर मोजून दाखविले: मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ ला संपले, वीस वर्षांचे एक नूतनीकरण धरले तर २२ नोव्हेंबर २००७ ला तेही संपले, तेव्हा त्यानंतर जे खणले ते हक्काशिवाय. याच निकालात विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी एका कायम निधीत टाकण्याचा आदेश होता. एवढे झाल्यावर गोवा सरकारने काय करावे? नोव्हेंबर २०१४ ते १२ जानेवारी २०१५ या दोन-सव्वादोन महिन्यांत ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. १२ जानेवारी ही तारीख अशी, की त्याच दिवशी राष्ट्रपतींनी पट्टे लिलावानेच देण्याचा वटहुकूम काढला. दार लागण्यापूर्वी आत शिरण्याची एवढी घाई पाहून सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते सर्व ८८ पट्टे रद्द ठरविले. १५ मार्चनंतर गोव्याच्या खाणी पुन्हा थांबल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले यांच्या घरी जी ओढ लागली ती खरी होती. मात्र त्यांच्या हालांना न्यायालयाचा निकाल कारण झाला, असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. २००७ सालीच मुदत पाळून उघड स्पर्धेने पट्टे दिले असते, तर खाण चालू राहिली असती. बदलला असता तो मालक.

गोवा एकटा नव्हता. आमच्याच राज्यात बळ्ळारीच्या लोखंडाचे प्रकरण लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या २०११ च्या अहवालाने देशभर गाजले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील सर्वांत दोषी वर्गातील पट्टे रद्द केले. कोळशाचे तर २०१४ च्या सप्टेंबरात एका निकालाने २०४ पट्टे गेले. यानंतरच २०१५ ची दुरुस्ती झाली: आधी अर्ज करणाऱ्याचा अग्रहक्क संपला, पट्टा पन्नास वर्षांचा झाला, नूतनीकरण नाहीसे झाले, मुदत संपली की पुन्हा लिलाव. खाणीमुळे बाधित झालेल्यांसाठी प्रत्येक खाणजिल्ह्यात एक प्रतिष्ठान नेमण्यात आले. जुन्या पट्ट्यांच्या रॉयल्टीवर शेकडा तीस आणि लिलावाच्या पट्ट्यांच्या रॉयल्टीवर शेकडा दहा एवढी भर त्यात पडावी, असा दर ठरला. २०२४ च्या जुलैत नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की रॉयल्टी हा कर नव्हे, ती पट्ट्याच्या बदल्यातील देणे आहे, आणि खनिजांच्या हक्कावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या पट्ट्यांच्या लिलावाची एक फेरी हैदराबादेत जाहीर केली. तीत तेलंगणातील श्रावणपल्लीचा पट्टा होता. तेलंगण सरकारने मागणी केली, की हा पट्टा लिलावात न घालता सिंगरेणीला द्या. सिंगरेणीत आज राज्याचा वाटा ५१ आणि केंद्राचा ४९ टक्के आहे. ज्या शहरात १८८६ साली बंद दाराआड मक्ता दिला गेला, त्याच शहरात आता बोली उघडी होती. आणि लोकांनी निवडलेले सरकार बोलीवाचून द्या म्हणत होते, कारण ज्यांचे पोट त्या खाणींवर आहे ते हजारो कामगार त्याच्या मागे उभे होते. लिलाव मोलाचा प्रश्न सोडवितो, हे मान्य. ती खाण कोणासाठी चालावी, हा प्रश्न तो पुढे ढकलतो.

आता मंठाळकडे येतो. आमच्या भागात काळ्या मातीखाली काळा खडक, आणि बिदरच्या पठारावर तांबडा जांभा. घरे, विहिरी, बिदरचा किल्ला, सारे या जांभ्याचे. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने जी ३१ खनिजे गौण म्हणून जाहीर केली त्यांत जांभाही होता. तेव्हापासून त्याचा परवाना राज्याच्या हाती. शेतकऱ्याच्या पहाणीपत्रकावर त्याचे नाव असते, पीक असते, बोजा असतो. खालच्या दगडावर मात्र त्याचे नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळच्या एका खटल्यात असे म्हटले खरे, की कायद्याने काढून घेतलेला नसेल तर भूमीखालचा हक्क जमिनीच्या मालकाचाच. परंतु कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ७० व्या कलमाने तो राज्याकडे घेतलेला आहे. पट्टेदार शेतात आला तर वरच्या जमिनीच्या नुकसानीची भरपाई शेतकऱ्याला मिळते. खालच्या धनात त्याचा वाटा नाही. याज्ञवल्क्यावर लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने शोधणाऱ्याला सहावा हिस्सा तरी ठेवला होता!

आदिवासी भागांत १९९६ च्या कायद्याने गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. तो कायदा पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांपुरता आहे, आणि कर्नाटकात असे क्षेत्र जाहीर झालेले नाही. मोठ्या खाणीसाठी पर्यावरणाची जनसुनावणी होते. तेथे गावकरी बोलू शकतात आणि त्यांचे बोलणे लिहून घेतले जाते. लिलावाच्या जाहिरातीत पट्ट्याचे नाव असते, क्षेत्र असते, खनिजाचा अंदाज असतो, बोली कोठून सुरू होणार तो आकडा असतो. गावाच्या ग्रामसभेत काय ठरले, त्यासाठी रकाना त्यात अद्याप नाही.